घडीवर बेतलेली आई

शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण घरात आणि गल्लीत तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून तिची गाडी प्रश्नांवरच चालली होती. बाबा म्हणायचे, स्टेशनवरची चौकशीची खिडकी निदान जेवायच्या सुट्टीत बंद तरी होते, आमची ही खिडकी तोंडात घास असला तरी उघडीच. आता ती पंधरा वर्षांची होती आणि नुकताच तिला एक भन्नाट शोध लागला होता. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत सरळ बघून, आवाज न चढवता प्रश्न विचारला, की मोठं माणूस गडबडतं आणि खरं बोलून जातं. या युक्तीने तिने मुख्याध्यापकांकडून सहलीची तारीख काढून घेतली होती, आणि विज्ञानाच्या बाईंकडून चक्क त्यांचं वय.

आईपुढे मात्र ही युक्ती चालेना.

आई मावशीकडे राहायला चालली होती. ‘काही दिवस’. काही म्हणजे किती, असं चौकशीने सात वेळा विचारलं आणि सातही वेळा आई ‘बघू’ म्हणाली. आठव्यांदा तिने मावशीलाच फोन लावला. मावशी बोलण्याच्या भरात सांगून बसली, की मागची खोली रंगवून झाली, कपाट रिकामं केलं, नवी गादीसुद्धा करायला टाकली. फोन ठेवून चौकशी पायरीवर जाऊन बसली. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कुणी नवी गादी करतं का?

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं. बाबा बेतायचे, म्हणजे माप घेऊन, कापडावर खडूने आखून ते कापायचे, आणि आई शिवायची. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. दोघांचं गोड बोलणं कधी कुणी ऐकलं नव्हतं, टोमणे मात्र भरपूर. आई म्हणायची, गिऱ्हाईक वाकून चालतं आणि तुम्ही त्याला शिपायासारखा ताठ बेतलाय. बाबा म्हणायचे, तू शीव, तुझ्या हातात गेल्यावर भलेभले वाकतात. मग मशीन पुन्हा धडधडायला लागायचं.

सात महिन्यांपूर्वी आईच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ सापडली. अगदी जिवावर बेतलं होतं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करून तो स्तन काढला म्हणून निभावलं. मग सलाईनमधून औषधं झाली, केस गेले. आई दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचे रुमाल शिवून डोक्याला बांधू लागली आणि हळूहळू मशीनवरही बसू लागली. सगळं रुळावर येत होतं, फक्त टोमणे बंद झाले होते. दोघं आता एकमेकांशी इतकं नीट बोलायची, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पाणी हवंय का. नको. पंखा लावू का. लावा. अनोळखी गिऱ्हाइकाशीसुद्धा बाबा याहून मोकळे असत.

हे नक्की कधी सुरू झालं याचा चौकशीने छडा लावला होता. निळ्या ड्रेसपासून. आई दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यात बाबांनी तिच्यासाठी एक निळा ड्रेस स्वतः बेतला आणि स्वतःच शिवला, काजांसकट. आईने तो घातला, आरशापुढे उभी राहिली, ‘छान आहे’ म्हणाली, आणि काढून कपाटात टांगला. त्यानंतर तो कपाटाबाहेर आला नाही. बाबांचं म्हणणं, रंग चुकला.

शेवटचं औषध झालं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ लिहून दिली: जोडप्यांसाठी चित्रोपचार, चार शनिवार, दुपारी चार, दवाखान्यातच खोली क्रमांक चौदा. आई म्हणाली, मी काय बालवाडीत आहे का. बाबांनाही चित्र-बित्र काही येत नव्हतं. पण गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे ते औषधच, आणि औषध अर्धवट सोडायचं नसतं, असं त्यांचं साधं गणित. चौथ्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी आईची मावशीकडची गाडी होती. चौकशीने बोटं मोजली. आईला थांबवायला तिच्याकडे चार शनिवार होते.

पहिल्या शनिवारी ती खोलीबाहेरच्या बाकावर वही उघडून बसली आणि दाराच्या काचेतून आत बघत राहिली. वर्ग घेणाऱ्या बाईंच्या कोपरापर्यंत रंग लागलेला असायचा. सगळे त्यांना चित्रताई म्हणत. त्यांनी प्रत्येक जोडप्याला एकच खडू दिला. दोघांनी मिळून तो धरायचा आणि न बोलता घर काढायचं. बाबांनी खडू सरळ ओढायला घेतला, कारण बेतणारा माणूस खडू हलवतो. आईने दुसऱ्या हाताने कागदच फिरवला, कारण शिवणारी बाई सुई हलवत नाही, कापड फिरवते. एक ओढतोय, दुसरी फिरवतेय, आणि झालं काय, तर घराचा बटाटा. चित्रताईंना हसू आवरेना. बाजूच्या टेबलावरची माणसंही हसली. आई-बाबा मात्र त्या बटाट्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या घरातून आला होता.

दुसऱ्या शनिवारी चौकशीचं नशीब फळफळलं. वर्गात एक बस ड्रायव्हर होते, त्यांचं अर्धं पोट काढलं होतं. पोट अर्धं राहिलं पण भूक पूर्ण आहे, हा अन्याय आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. त्या दिवशी त्यांच्या बायकोची कामावरची वेळ बदलली आणि ते एकटेच आले. जोडीशिवाय काम होणार नव्हतं. चित्रताईंनी दार उघडून बाहेर बघितलं आणि विचारलं, आत येतेस का. एरवी शंभर प्रश्न विचारणारी चौकशी एकही न विचारता खुर्चीत जाऊन बसली.

काम असं होतं: समोरचं माणूस आज जसं दिसतंय तसं काढा, वेळ वीस मिनिटं. चौकशीने ड्रायव्हरकाकांच्या मिशा काढण्यात दहा मिनिटं घालवली. काकांनी एक आडवी चौकट काढली आणि तिच्यात फक्त दोन डोळे. बाकीची मी कुठे गेले, असं तिने विचारलं तेव्हा काका म्हणाले, तीस वर्षं माणसं वरच्या आरशातच बघितली, तेवढीच दिसतात.

आईने बाबांची पाठ काढली होती, टेबलावर वाकलेली. मशीनवरून तीच तर दिसायची.

बाबांनी कागद मधोमध दुमडला, नखाने दुमड पक्की केली, ती स्वतःकडे धरली आणि झरझर काढायला लागले. पाच मिनिटांत हात पुसून मोकळे. चित्रताईंनी सगळी चित्रं फळ्यावर लावली. बाबांचा कागद शेवटी, उलगडून लावला.

चित्र सुंदर होतं. रुमालाची कड, एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ, गळा, खांद्याचा उतार, एक हात. आईची उजवी बाजू हुबेहूब. मधल्या दुमडीच्या पलीकडे, जिथे डावी बाजू असायला हवी, तिथे कोरा पांढरा कागद.

चित्रताईंनी हळूच विचारलं, काही राहून गेलंय का. बाबा भाबडेपणाने म्हणाले, नाही, पूर्ण आहे. आई चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणाली आणि हात धुवायला बाहेर गेली ती वर्ग सुटेपर्यंत आलीच नाही. घरी आल्यावर तिने माळ्यावरून बॅग काढून घेतली आणि पंधरा दिवस आधीच भरायला घेतली.

चौकशीने बाबांशी बोलणं टाकलं. शनिवार रात्र, रविवार, सोमवार, मंगळवार. बाबांना कळेना, घरात एवढी शांतता का. डोकं दुखतंय का, असं त्यांनी तिलाच दोनदा विचारलं.

बुधवारी शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली. आई तपासणीला दवाखान्यात गेली होती. चौकशी दप्तर टाकून टेबलाशी उभी राहिली. बाबांनी कापडाची घडी घातली, घडीला लावून पुठ्ठ्याची अर्धी पाठ ठेवली, भोवती खडू फिरवला, कात्री चालवली आणि कापड झटकलं. अख्खी पाठ उघडली, दोन्ही खांदे, दोन्ही बाजू. हे तिने जन्मापासून हजारदा बघितलं होतं. आत्ता मात्र ती आ वासून बघत राहिली. आयुष्यभर असली अर्धी बेतलेली कापडं हाताळणाऱ्या आईलाही त्या दिवशी कागदावरची घडी दिसली नव्हती, आणि ही तर काय, नुसती चौकशी.

‘बाबा, तुम्ही आईला घडीवर बेतलंत?’

‘मग कशी बेतणार?’ बाबांनी मान वर केली नाही. ‘एक बाजू नीट काढली की दुसरी आपोआप निघते. अख्खं काढत बसतो तो नवशिका.’

‘आणि निळा ड्रेस?’

‘तोही घडीवरच. तुझ्या आईचं माप मला पाठ आहे, टेपसुद्धा लागत नाही.’

एवढं बोलून ते थांबले. कात्री टेबलावर ठेवली. मग आत गेले आणि कपाटातून निळा ड्रेस घेऊन आले. त्याच्या डावीकडे आतून हात घातला आणि मूठ मिटली. रिकामं कापड मुठीत भरलं, मूठभर.

‘आता नाही निघत,’ ते म्हणाले. चौकशीला नाही, ड्रेसलाच. मग मूठ सोडत, ‘तिने सांगायचं नाही का?’

‘तुम्ही विचारायचं नाही का?’ चौकशी म्हणाली. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की आता ओरडा बसणार असं तिला वाटलं. त्यांनी कात्री पुन्हा हातात घेतली. त्या दिवशी दोन शर्ट लहान बेतले गेले, जे गेल्या एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी आई येणार की नाही याचीच धाकधूक होती. पण चित्रताईंनी स्वतःहून फोन केला आणि आईला कुणाला नाही म्हणता येत नाही. ड्रायव्हरकाकांची बायको आजही कामावर होती, म्हणून चौकशी पुन्हा त्यांच्यासमोर, आई-बाबांच्या बाजूच्याच टेबलावर. आज पाण्याच्या रंगांचं काम होतं. बाबांनी रंगांना हात लावला नाही. त्यांनी मागच्या वेळचा कागद मागून घेतला, आईपुढे उलगडून ठेवला आणि मधल्या दुमडीवर बोट ठेवलं.

‘मी नेहमीसारखं घडीवर काढलं गं,’ ते म्हणाले. ‘सवयीने. पण ही बाजू मला येत नाही. मी बघितलेलीच नाही. आणि माप घेतल्याशिवाय बेतायचं नसतं.’

आईचं बोट कागदाच्या कडेवरून फिरत राहिलं. तिला आता घडी दिसली होती. तरी तिने एवढ्यात सोडलं नाही.

‘निळ्या ड्रेसचं घेतलं होतंत माप?’

‘नाही. चुकलं माझं.’

चौकशीने बाबांना ‘चुकलं’ म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. तिने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि हलायचंच विसरली. ड्रायव्हरकाका खिडकीबाहेर बघू लागले, पण त्यांचेही कान इकडेच होते.

आईने पेन्सिल घेतली. डावा हात आपल्याच काखेखाली, कपड्यावरून ठेवला आणि बोटांनी चाचपत, आंधळं माणूस अक्षरं वाचतं तशी, ती काढू लागली. अखंड रेघ नाही, छोट्या छोट्या तुटक रेघा, धावदोरा घालावा तशा. काखेपासून तिरक्या, छातीच्या मधापर्यंत. पेन्सिल जागेवरच, आणि मध्येमध्ये चाचपणारा हात काढून त्याने कागद फिरवत. ओठ हलत होते, ती मोजत होती. खांदा काढला तोही उजव्यासारखा नाही, किंचित वर ओढलेला. डावा डोळा जरा मोठाच निघाला. मग तिने पेन्सिल ठेवली.

बाबांनी चष्मा नाकावर ओढला आणि खाली वाकले, दुसऱ्या दुकानातून दुरुस्तीला आलेल्या कोटावर वाकावं तसे. आता ते रडतील किंवा आई रडेल, आणि मग काय करायचं हे चौकशीला ठाऊक नव्हतं.

‘किती टाके?’ बाबांनी विचारलं.

‘सव्वीस.’

‘लांब पडलेत. आणि इथे शेवटाला गोळा झालंय. ताण सारखा ठेवला नाही वाटतं.’

‘त्यांना तुमच्यासारखं उसवून परत शिवता येत नव्हतं,’ आई म्हणाली.

आणि बाबांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग आईलाही. चित्रताई काहीतरी समजुतीचं बोलायला पुढे आल्या, तर ड्रायव्हरकाकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना तिथेच थांबवलं. बाबा आता प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. हात वर नेताना कुठे ओढतं. झोपताना कुठली कूस. शिवण कापडाला घासते का, की आत मऊ अस्तर लावलं तर चालेल. चौकशीला पहिल्यांदाच कळलं, की हा प्रश्नांचा रोग तिला कुणाकडून लागला होता. आई एकेक उत्तर देत होती आणि एकदाही ‘बघू’ म्हणाली नाही.

चौकशीला वाटलं, सुटलो. पण घरी येऊन बघते तर बॅग दाराशी होती तशीच, आणि सोमवारी आईने तिच्यात चपलांचा जोडही घातला. मंगळवारी भांडी विसळता विसळता चौकशीने तिला गाठलं, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, आता सगळं नीट झालं ना, मग का जातेस.

आईने नळ बंद केला.

‘इथे सगळ्यांना माझं जुनं माप पाठ आहे,’ ती म्हणाली. ‘तुला, बाबांना, गल्लीला. सगळे मला पहिल्यासारखी धरून चालतात. मला ते जुनं माप अंगात घातल्यासारखं होतं गं, आणि ते सैल पडतं. मावशीकडे निदान नव्याने राहता येईल. शनिवारी हसलो ते खरं. पण कागदावर दाखवणं वेगळं, अंगावर दाखवणं वेगळं.’

चौकशीने भांडी पुसून फळीवर लावली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं. ती जिना चढताना मध्ये थांबते. पाण्याची बादली उजव्याच हाताने उचलते. आवाज थोडा खाली आलाय. हे सगळं कधीपासून होतं आणि तिने विचारलंच नव्हतं.

चौथ्या शनिवारी तीन वाजता बाबा बाहेर जायच्या शर्टाची बटणं लावत होते. आई आतल्या दारात आली.

‘आज तिकडे नको,’ ती म्हणाली. ‘टेप घ्या.’

बाबांचा हात तिसऱ्या बटणावरच राहिला. मग त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं, खिळ्यावरचा टेप गळ्यात घातला आणि आईच्या मागून आतल्या खोलीत गेले. दार बंद झालं.

बाबांना माप मोठ्याने सांगायची सवय होती, म्हणजे लिहिणाऱ्याला ऐकू जावं. आज लिहायला कुणी नव्हतं, तरी ते सांगत होते. खांदा उजवा, मग आकडा. खांदा डावा, मग वेगळा आकडा. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, तोही दोनदा. मग आवाज थांबला. चौकशी भिंतीला टेकून उभी होती. तिने कान भिंतीला लावला. आत काय चाललंय हे जाणून घ्यायला तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

‘दुखत नाही,’ आईचा आवाज आला. ‘लावा नीट. सैल धरू नका.’

चौकशीने कान भिंतीपासून काढला, पुढच्या खोलीत आली आणि मशीनवर बसून उगाचच रिकामी टीप मारत राहिली, आवाज व्हावा म्हणून.

अर्ध्या तासाने आई बाहेर आली. रुमाल थोडा सरकला होता आणि खालून नव्या केसांची लव दिसत होती. तिने मावशीला फोन लावला. उद्याची गाडी नको, म्हणाली. मावशीचा आवाज फोनबाहेर स्वच्छ ऐकू येत होता: अगं, खोली रंगवलीय, गादी आलीय. आईने सांगितलं, येईन की, पण महिनाअखेरीला, चार दिवस, आणि हे दोघंही येतील. आत्ता निघता येत नाही. ड्रेस शिवायला घेतलाय, दोन-तीनदा घालून बघावा लागेल.

एका ड्रेसला एवढे दिवस, मावशी म्हणाली, तुझा नवरा शिंपी आहे का गवंडी.

‘अगं, नव्या मापाचा हा पहिलाच आहे,’ आई म्हणाली. ‘घडीवर नाही बेतता येणार.’

आतून बाबांनी ओरडून सांगितलं, की फोनवर त्यांची बदनामी चालली असेल तर जरा हळू चालू द्या, आकडे विसरायला होतात. आई म्हणाली, विसरलात तर परत घ्या, कुणी अडवलंय.

चौकशीचे कान लाल झाले. तिने घड्याळाकडे बघितलं आणि तिला एकदम आठवलं, की ड्रायव्हरकाकांची जोडी आज कोण करणार हे कुणीच विचारलं नव्हतं. चार वाजायला दहा मिनिटं होती आणि दवाखाना पंधरा मिनिटांवर. तिने चपला हातात घेतल्या, पायरीवर एका पायाने उडी मारत दुसऱ्या पायात घातल्या, आणि धावत सुटली.